रेसिडेन्सीच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये काय लिहायचं : इंदूरहून अमेरिकेला अप्लाय करणाऱ्या डॉक्टरांसाठी

अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या स्पेशालिटीच्या ट्रेनिंगला, अप्लाय करणाऱ्या आपल्या इंदूरच्या पोरापोरींचे पर्सनल स्टेटमेंटचे, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या पानाचे, ड्राफ्ट मी बरीच वर्षं वाचतेय. एमजीएम, अरविंदो, इंडेक्स या इथल्या मेडिकल कॉलेजांचे, रशिया-किर्गिझस्तानहून एमबीबीएस करून आलेल्यांचे पण, आणि दरवेळी हेच जाणवतं की पोरगं हुशार आहे, वॉर्डात राबलंय, रात्र रात्र कॅज्युअल्टीत उभं राहिलंय, आणि कागदावर त्यातलं काहीच आलेलं नाही. कागदावर आहे ते "मला लहानपणापासून मानवसेवेची आवड" वगैरे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. मी स्वतः एमजीएमची, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी तिकडे केली, तेव्हा उदाहरणं जास्त मेडिसिनची येतील, पण बाकीच्यांनाही चालतील.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की स्टेटमेंटमध्ये तुम्ही स्वतः केलेलं काम दिसलं पाहिजे, आणि ते इतकं नेमकं पाहिजे की खाली तुमच्या बॅचमेटचं नाव टाकलं तर ते खोटं ठरेल. ड्राफ्ट झाला की हीच टेस्ट लावा, एकेका वाक्याला. "आय ॲम अ हार्डवर्किंग टीम प्लेअर" हे तुमच्या आख्ख्या बॅचच्या नावावर चालतं, म्हणजे ते काढायचं.

आता याला इतकं महत्त्व का ते सांगते. स्टेप म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या लायसन्सच्या परीक्षा, त्यातली स्टेप वन २०२२ च्या जानेवारीपासून पास-फेल झाली, त्याआधी त्या तीन आकडी स्कोअरवरच निम्मी छाटणी व्हायची. स्टेप टू सीएस, म्हणजे जिथे पेशंटशी बोलून दाखवायला लागायचं ती परीक्षा, ती २०२१ मध्ये कायमची बंद झाली. मग प्रोग्रामकडे तुमच्याबद्दल उरतं काय, तर स्टेप टू सीके या क्लिनिकल ज्ञानाच्या परीक्षेचा स्कोअर, एलओआर म्हणजे शिफारसपत्रं, कुठे काय काम केलं त्याची माहिती आणि हे एक पान. आणि यातलं फक्त हे पान असं आहे की जिथे तुमचा आवाज ऐकू येतो. शिवाय आपण आयएमजी, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेले डॉक्टर, आपलं कॉलेज तिथल्या बऱ्याच लोकांनी ऐकलेलंही नसतं, इंदूरच्या एमवायसारख्या सरकारी हॉस्पिटलला ओपीडी कशी असते, झाबुआ-अलीराजपूर-धार-बडवानीहून पेशंट कोणत्या स्टेजला येऊन पोचतो, हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. ते तुम्हीच सांगायचंय.

स्कोअर कमी असेल तर स्टेटमेंट तो भरून काढत नाही, हे पण स्पष्टच सांगते. पण स्कोअर बरा असलेले खूप जण असतात, त्यांच्यातून इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं हे ठरताना हे पान हातात घेतलं जातं, आणि मग इंटरव्ह्यूमध्ये समोरचा बऱ्याचदा हेच पान उघडून पहिला प्रश्न विचारतो.

लांबीचं म्हणाल तर इरासमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन भरायच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये, २८,००० कॅरेक्टरपर्यंत जागा असते, ती बघून काही जण तीन-तीन पानं लिहितात. असं करू नका. साधारण एक पान, ६५० ते ८०० शब्द, बस. वाचणाऱ्यापुढे शेकड्याने ॲप्लिकेशन असतात.

दुसरं, ॲप्लिकेशनमध्ये कोणती गोष्ट कुठल्या खान्यात जाते ते लिहायच्या आधी नीट बघून घ्या, कारण निम्मे ड्राफ्ट यामुळेच फुगतात. इरासमध्ये आता एक्सपीरियन्स जास्तीत जास्त दहा टाकता येतात, प्रत्येकाचं ७५० कॅरेक्टरमध्ये वर्णन करता येतं, त्यातले तीन "सगळ्यात महत्त्वाचे" म्हणून निवडून त्यांच्याबद्दल आणखी ३०० कॅरेक्टर लिहिता येतात. म्हणजे पब्लिकेशन, कॅम्प, क्विझ, कॉन्फरन्सची यादी तिथे गेली, ती स्टेटमेंटमध्ये परत नको. मग एक वेगळा खाना आहे, इम्पॅक्टफुल एक्सपीरियन्स, तोही ७५० कॅरेक्टरचा, तिथे आयुष्यात जे खरंच जड गेलं ते लिहायचं असतं, घरची परिस्थिती, आजारपण, घराण्यात शिकलेलं पहिलंच माणूस असणं. हा खाना सगळ्यांनी भरलाच पाहिजे असं नाही, खरं असेल तरच भरा. पण सांगायचा मुद्दा हा की स्ट्रगलची गोष्ट तिथे ठेवली की स्टेटमेंट मोकळं राहतं डॉक्टरकीबद्दल बोलायला. कुठल्या भागात राहायला आवडेल त्याचाही वेगळा खाना आहे, व्हिसाची माहितीही वेगळीकडे विचारतात. स्टेटमेंटमध्ये व्हिसाबद्दल एक ओळही लिहायची गरज नाही.

आता मेन गोष्ट. मटेरियल कुठून आणायचं.

लॅपटॉप उघडून डायरेक्ट इंग्रजीत पहिलं वाक्य लिहायला बसू नका, कारण मग ते दुसऱ्यांच्या सॅम्पलसारखंच येतं. आधी एका वहीत इंटर्नशिपपासून आजपर्यंतचे आठवणारे पेशंट लिहून काढा, नाव नको, नुसतं "तो साप चावलेला मुलगा", "ती घरून पळून आलेली बाई", असं. दहा-बारा होतीलच. मग प्रत्येकापुढे लिहा की त्यात मी स्वतः काय केलं, आणि त्यानंतर माझ्या वागण्यात, काम करण्यात काय बदललं. जिथे दोन्ही खाने भरतात असे दोन-तीनच पेशंट निघतील, तेच तुमचं स्टेटमेंट. मग त्यातला एक पेशंट घरात कुणाला तरी मराठीत सांगा, जो डॉक्टर नाही, आईला, आजीला, काकूला, आणि फोनवर रेकॉर्ड करा. बोलताना आपण नको ते आपोआप गाळतो आणि जे मनाला लागलंय तिथे रेंगाळतो, आणि आजी मध्येच "मग त्याचं पुढे काय झालं रे?" विचारते ना, तो प्रश्न वाचणाऱ्यालाही पडणार असतो, त्याचं उत्तर स्टेटमेंटमध्ये पाहिजे.

एक उदाहरण घेऊ, मी बनवलेलं आहे, पण आपल्याकडच्या वॉर्डात असा पेशंट कुणालाही भेटेल. मराठीतच देतेय.

पहिला ड्राफ्ट साधारण असा असतो : "इंटर्नशिपमध्ये मला विविध प्रकारचे पेशंट बघायची संधी मिळाली. त्यात एक श्वसनाचा त्रास असलेला गरीब आदिवासी पेशंट होता. त्याची अवस्था बघून माझं मन हेलावलं आणि इंटर्नल मेडिसिनमध्येच करिअर करायचं मी ठरवलं."

यात काही खोटं नाही, पण काही दिसतही नाही. आता हेच असं लिहा : "तिशीच्या आतला एक माणूस अलीराजपूर भागातून आला होता, दम लागत होता, वजन उतरलं होतं, टीबीचा कोर्स दोनदा झाला होता आणि थुंकीची तपासणी दोन्ही वेळा निगेटिव्ह. फाइलवर 'मजूर' एवढंच लिहिलेलं होतं. मी विचारलं, कसली मजुरी? तो म्हणाला, गुजरातेत दगड दळायच्या कारखान्यात, आणि त्याच्याबरोबर गेलेले गावातले आणखी दोघं असेच खोकतायत. मी एक्स-रे परत लावून बघितला, वरच्या भागात दोन्हीकडे बारीक गाठी होत्या, आणि ते मी माझ्या सीनियरला दाखवलं. निदान टीबीवरून सिलिकोसिसवर गेलं. बरं करणारं औषध आमच्याकडे नव्हतं, पण त्याला परत त्या कामावर न जायला सांगता आलं, आणि गावातल्या दोघांना तपासायला बोलवता आलं. त्या दिवसापासून मी हिस्ट्रीत 'व्यवसाय' हा शब्द लिहून पुढे जात नाही, हाताने नक्की काय करता ते विचारते."

बघा, यात मी दयाळू आहे, मेहनती आहे, असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही पोरगी प्रश्न विचारते, फाइलवर लिहिलंय म्हणून मान्य करत नाही, सीनियरला धरून चालते, आणि मेडिसिन म्हणजे हिस्ट्री आणि विचार हे तिला कळलंय. हेच तर "मेडिसिनच का" याचं उत्तर. वेगळं वाक्य लागत नाही. आणि झाबुआ-अलीराजपूरचे मजूर गोध्राकडच्या क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत जाऊन सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, घेऊन परत आले ही आपल्या भागातली खरी आणि फार वाईट गोष्ट आहे, ती आपण रोज बघितल्यामुळे आपल्याला विशेष वाटत नाही. तिकडे कॅलिफोर्नियात किचनचे ओटे बनवायला कृत्रिम क्वार्ट्झचे स्लॅब कापणाऱ्या तरुण कामगारांना हाच आजार होतोय, तेही बहुतेक बाहेरून आलेलेच, आणि तिथल्या डॉक्टरांना कामाची हिस्ट्री घेणारा रेसिडेंट पाहिजेच आहे. म्हणजे इंदूरच्या वॉर्डातलं तुमचं काम तिथे थेट उपयोगाचं आहे. ते जोडून दाखवलंत तर "आयएमजी आहे, इथे जमेल का" ही शंका बरीचशी तिथेच मिटते.

पेशंटची गोष्ट मात्र पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. चार-सहा वाक्यं. मी असे ड्राफ्ट वाचलेत की पेशंटबद्दल सगळं कळतं आणि लिहिणाऱ्याबद्दल काहीच नाही.

अजून एक अडचण आपल्या घरांतून येते. रामबागेतल्या मराठी घरात वाढलेल्या पोरांना स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे बढाई वाटते, म्हणून सगळं "आम्ही केलं, टीमने केलं, सरांच्या मार्गदर्शनाखाली झालं" असं येतं. संस्कार चांगलेच आहेत, पण वाचणाऱ्याला तुम्हाला घ्यायचंय, सरांना नाही. टीमने जे केलं ते टीमचं म्हणा, सीनियरने निर्णय घेतला तर तसंच लिहा, पण फोन तुम्ही लावला असेल, ब्लड बँकेत तुम्ही धावला असाल, नातेवाइकांना तुम्ही समजावलं असेल, तर तिथे "मी" लिहा. ती बढाई नाही, ती माहिती आहे. आणि जे केलं नाही ते लिहू नका, इंटर्नने स्वतः सेंट्रल लाइन टाकून जीव वाचवला वगैरे. इंटरव्ह्यूमध्ये त्याच प्रोसिजरवर तीन प्रश्न येतात आणि तिथे सगळं उघडं पडतं.

पेशंटची ओळख लपवा. नाव, छोट्या गावाचं नाव, तारीख, बेड नंबर, काही नको. "पश्चिम मध्य प्रदेशातला एक आदिवासी जिल्हा" एवढं पुरतं. तिकडे प्रायव्हसीचा कायदा कडक आहे आणि तुम्हाला त्याची जाण आहे हे यातूनही दिसतं.

बाकी स्पेशालिटींचं पटकन सांगते. पेडियाट्रिक्स करायचं असेल तर "मला मुलं आवडतात" हे कारण नाही, ते सगळ्यांनाच आवडतात. आपल्या अलीराजपूर-झाबुआ पट्ट्यात सिकल सेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे, २०२३ च्या १ जुलैला शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल मिशन सुरू झालं तेव्हापासून कॅम्पही खूप झाले, आणि आता प्रत्येक दुसऱ्या ड्राफ्टमध्ये "स्क्रीनिंग कॅम्पमध्ये सहभाग घेतला" असतं. सहभाग सगळ्यांनीच घेतला. पण पॉझिटिव्ह निघालेल्या मुलांच्या आयांना तुम्ही नंतर फोन करून त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे का विचारत होतात का, तापात आणि दुखण्यात कधी निघायचं हे त्यांच्या भाषेत कागदावर लिहून दिलंत का? दिलं असेल तर ते लिहा, कारण जुनाट आजाराच्या मुलाला वर्षानुवर्षं धरून ठेवणं हेच पेडियाट्रिक्सचं काम आहे.

फॅमिली मेडिसिनवाल्यांनो, सरकारी कॉलेजमधून एमबीबीएस केल्यावर तुम्ही जो ग्रामीण सेवेचा बॉन्ड केला तो तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे आणि तुम्ही तो एका ओळीत "बॉन्ड पूर्ण केला" म्हणून संपवता! पीएचसीवर तुम्ही एकटे डॉक्टर होता. एकाच घरातली गरोदर सून, बीपीची सासू आणि जुलाब झालेलं मूल, तिघं एकाच सकाळी तुमच्यासमोर बसलेत, आणि सहा महिन्यांनी तेच घर परत आलंय. फॅमिली मेडिसिन म्हणजे हेच. कुणाला वर पाठवायचं आणि कुणाला इथेच सांभाळायचं हे कसं ठरवलंत ते लिहा.

सायकियाट्रीत वाचणाऱ्याला बघायचं असतं की तुम्ही ऐकता कसे. आधी बाबाकडे नेलेला पेशंट, लाजेने शेजारच्या शहरात जाऊन दाखवणारं घर, हे आपण बघतो, पण तिथे नातेवाइकांना अडाणी म्हणून दाखवू नका, ते तसे का वागले हे समजून घेतलंत ते दाखवा. पॅथॉलॉजीवाल्यांनी पेशंटची रडकी गोष्ट ओढून आणायची गरजच नाही, एखादी स्लाइड, एखादी क्लिनिकल माहितीशी न जुळणारी बायॉप्सी, आणि त्यावरून तुम्ही क्लिनिशियनला केलेला फोन, हे पुरेसं आहे. दोन स्पेशालिटींना अप्लाय करत असाल तर दोन पूर्ण वेगळी स्टेटमेंट लिहा, शेवटचा परिच्छेद बदलून चालत नाही.

यूएसमधल्या अनुभवाचा परिच्छेद. इथे बहुतेक जण "तिथलं ॲडव्हान्स्ड तंत्रज्ञान बघून भारावले" लिहितात. वाचणारा तिथेच काम करतो, त्याला त्याच्या एमआरआयचं कौतुक ऐकायचं नाही. त्याला हे बघायचंय की तिथलं काम रोज कसं चालतं हे तुम्हाला कळलंय का. उदाहरणार्थ दुभाष्याला फोनवर घेऊन पेशंटशी बोलणं, राऊंडला फार्मासिस्ट आणि सोशल वर्कर का असतो, डिस्चार्जची तयारी ॲडमिशनच्या दिवसापासून का सुरू होते, हृदय बंद पडलं तर सीपीआर करायचा का हे पेशंटलाच शांतपणे विचारणं. आपल्याकडे हे शेवटचं बहुतेक नातेवाइकांशी बोलून ठरतं, पेशंटला बऱ्याचदा निदानही सांगत नाहीत, आणि तिकडे पहिल्यांदा ते संभाषण ऐकताना तुम्हाला काय वाटलं आणि तुम्ही त्यातून काय घेतलं, यावर दोन प्रामाणिक वाक्यं लिहिलीत तर ती दहा विशेषणांपेक्षा भारी पडतात. फक्त शब्द जपून वापरा. ऑब्झर्वरशिप होती तर ऑब्झर्व्ह केलं असंच लिहा, "मॅनेज केले", "ट्रीट केले" नको, कारण ऑब्झर्व्हरला पेशंटला हात लावायची परवानगीच नसते आणि हे वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आणि ज्या डॉक्टरने तुम्हाला एलओआर दिलंय त्यांच्याकडे तुम्ही जे केलं तेच स्टेटमेंटमध्ये थोडं आलं तर दोन्ही कागद एकमेकांना धरून राहतात.

आता गॅप. यावर मी जरा थांबून बोलणार आहे कारण यापायी पोरं झोपत नाहीत.

ग्रॅज्युएशनला पाच-सात वर्षं झाली, मध्ये लग्न झालं, मूल झालं, वडिलांची बायपास झाली, दोन वर्षं स्टेपची तयारी चालली, एखादी स्टेप फेल झाली, हे सगळं तारखांवरून आणि ट्रान्सक्रिप्टवरून दिसतंच. लपत नाही. तुम्ही बोलला नाहीत तर वाचणारा मनाने काहीतरी धरून चालतो, आणि ते बहुतेक खऱ्यापेक्षा वाईट असतं. म्हणून दोन-तीन वाक्यांत सरळ सांगा, काय झालं, त्या काळात क्लिनिकल कामाशी नातं कसं ठेवलं आणि आता काय आहे. "वडिलांच्या आजारपणामुळे मी दीड वर्ष इंदूरला राहिलो, त्या काळात एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला आरएमओ होतो, आणि परत तयारी करून स्टेप टू दिली." झालं. माफी नको, रडगाणं नको, आणि कुणावर ढकलणंही नको. फेलचं पण तसंच, काय चुकलं ते एका वाक्यात, तयारीत काय बदललं ते दुसऱ्यात, आणि पुढचा निकाल तिसऱ्यात. मूल लहान होतं म्हणून घरी होते, हे लिहायला बायका फार कचरतात. लिहा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्यानंतर परत कामावर कशी आले हे बरोबरच येऊ द्या. गॅपचा परिच्छेद पानाच्या मध्यावर ठेवा, सुरुवातीला किंवा शेवटी नाही, कारण वाचून झाल्यावर तेच डोक्यात राहायला नको.

युक्रेनमध्ये शिकत असताना २०२२ मध्ये परत यावं लागलेली मुलंही आता अप्लाय करतायत. त्यांनी शिक्षण कुठे पूर्ण केलं, क्लिनिकल ट्रेनिंग प्रत्यक्ष कुठे झालं, हे स्वच्छ लिहायचं. युद्धाचं वर्णन करण्यात पान घालवू नका. आणि ज्यांची इकडे एमडी झालीय त्यांच्यापुढे एक वेगळाच प्रश्न असतो, हा माणूस परत पहिल्या वर्षाचा रेसिडेंट होऊन वयाने लहान असलेल्या सीनियरचं ऐकेल का? "आय ॲम हम्बल" म्हणून ते पटत नाही. ऑब्झर्वरशिपमध्ये एखाद्या रेसिडेंटकडून तुम्ही नवीन काय शिकलात ते लिहा, आणि परत ट्रेनिंग का हवंय त्याचं खरं कारण लिहा. भारतात शिकण्यासारखं काही नाही असा सूर मात्र लावू नका, ज्या वॉर्डाने घडवलं त्याला नावं ठेवणारा माणूस कुणालाच आपल्या टीममध्ये नको असतो.

शेवटच्या परिच्छेदात दोन गोष्टी, कसला प्रोग्राम हवाय आणि तुम्ही कुठे चाललाय. "एक्सलंट ट्रेनिंग देणारा प्रोग्राम" असं म्हणून काही होत नाही. गावाकडचे, विमा नसलेले पेशंट येतात असा प्रोग्राम, रेसिडेंट शिकवण्यावर भर असलेला, क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचं काम करू देणारा, जे खरंच हवंय ते, आणि ते आधी लिहिलेल्या कामातून निघालं पाहिजे. फेलोशिपचा विचार असेल तर म्हणायला हरकत नाही, पण इंटर्नल मेडिसिन तीन वर्षांचं आहे आणि कम्युनिटी हॉस्पिटलला ती तीन वर्षं मनापासून मेडिसिन करणारा माणूस हवाय. पहिल्या ओळीपासून कार्डिऑलॉजी कार्डिऑलॉजी केलं तर त्यांना वाटतं की हा इथे नुसता वाट बघत बसणार. जे-वन, म्हणजे ट्रेनिंगसाठीच्या एक्सचेंज व्हिसावर जाणार असाल तर अजून एक लक्षात ठेवा, त्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड नावाचं पत्र लागतं आणि ट्रेनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, त्यातून सूट मिळवायचे मार्ग आहेत पण ते पुढचं पुढे. "मला अमेरिकेत कायमचं स्थायिक व्हायचंय" हे वाक्य स्टेटमेंटमध्ये अडचणीचंच आहे. लिहूच नका.

आता काय फेकायचं. लहानपणी खेळण्यातला स्टेथोस्कोप. आजोबांचा मृत्यू, जर त्यातून तुमच्या डॉक्टरकीतलं काही नेमकं निघत नसेल तर. थोरामोठ्यांची वचनं. "लँड ऑफ अपॉर्च्युनिटी". घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत हा अभिमान, कारण त्यात तुमचं काम काही नाही. इंदूर सलग स्वच्छतेत पहिलं येतं हे पण एका ड्राफ्टमध्ये वाचलंय, शहराचा अभिमान मलाही आहे, पण तिथे नको. हॉबी असेल तर एक ओळ, तीही खरी असेल तर, तबला खरंच वाजवत असाल तर.

इंग्रजीची भीती वाटते अशांना सांगते, कम्युनिकेशनसाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा तुम्ही दिलेलीच असते, स्टेटमेंटमध्ये शब्दसंपत्ती दाखवायची नसते. छोटी वाक्यं लिहा. "प्लेथोरा", "मिरियड", "इन्स्टिल्ड" असले शब्द काढा, तोंडाने जे बोलाल तेच लिहा. आणि कृपा करून दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. पैसे घेऊन स्टेटमेंट लिहून देणारे भरपूर आहेत, त्यांचा एकच साचा असतो. इरासवर सबमिट करताना हे लिखाण माझं स्वतःचं आहे असं सर्टिफाय करावं लागतं, आणि चोरलेल्या मजकुराची इरास चालवणारी एएएमसी ही संस्था चौकशी करते, प्रोग्रामना कळवते. एआयचं पण असंच. मुद्दे सुचवायला, व्याकरण तपासायला घ्या, तेवढं त्यांनाही चालतं, पण लिखाण तुमचं पाहिजे. एआयने आख्खं लिहिलेलं मी आता पहिल्या दोन ओळींत ओळखते, सगळ्यांचे पेशंट एकाच पद्धतीने "हात घट्ट धरतात".

ड्राफ्ट झाला की दोघांना वाचायला द्या, एक त्या स्पेशालिटीतला आणि एक तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारा. "कसं वाटलं" विचारू नका, सगळे छान म्हणतात. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा की काय लक्षात राहिलं. सिलिकोसिसवाला माणूस राहिला म्हणाले तर ठीक, "तू खूप मेहनत घेतलीस असं वाटलं" म्हणाले तर परत बसा. मग मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. आणि प्रत्येक वाक्यावर एक प्रश्न कुणाला तरी विचारायला लावा, तोंडी उत्तर देता आलं पाहिजे.

वेळेचं गणित असं की जूनमध्ये इरास उघडतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला सबमिट करता येतं आणि सप्टेंबरच्या शेवटी प्रोग्राम बघायला लागतात. जूनमध्ये वही भरा, जुलैमध्ये लिहा, ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपवा. गणपतीपर्यंत ओढलंत तर एलओआर आणि फॉर्मच्या गोंधळात हेच पान कच्चं राहतं.

अपलोड करताना वर्डमधून थेट कॉपी करू नका, नोटपॅडमध्ये साध्या टेक्स्टमध्ये टाकून मग पेस्ट करा, नाहीतर अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. बोल्ड, इटॅलिक काही वापरू नका. एकापेक्षा जास्त स्टेटमेंट असतील तर प्रत्येकाला सिस्टिममध्ये असं नाव द्या की गफलत होणार नाही, ते नाव फक्त तुम्हालाच दिसतं. मग कोणत्या प्रोग्रामला कोणतं स्टेटमेंट असाइन झालंय ते एकेक करून, दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून तपासा. फॅमिली मेडिसिनच्या प्रोग्रामला इंटर्नल मेडिसिनचं स्टेटमेंट गेलं, किंवा एका हॉस्पिटलच्या स्टेटमेंटमध्ये दुसऱ्याचं नाव राहिलं, तर आतमध्ये कितीही चांगलं लिहिलेलं असो, तिथे उपयोग होत नाही. हे काम रात्री दोनला करू नका, सकाळी चहा घेऊन ताज्या डोक्याने करा.